तौक्तेनंतर जयगड ते आंजर्ले: एका बोटीच्या परतीचे प्रकरण

पुण्यातील आम्हा चौघांच्या सामायिक मालकीची एक शिडाची बोट मे २०२१ च्या मध्यावर जयगडच्या खाडीत अडकून पडली होती. इंजिनाच्या कामासाठी ती रत्नागिरीला नेली होती आणि आंजर्ल्याला परत येत असतानाच तौक्ते चक्रीवादळाचा इशारा आला, तेव्हा तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या मुख्य नाविकाने, पुढे जाण्याचा विचार सोडून शास्त्री नदीच्या मुखातून आत शिरून, वळणाआड, दोन नांगरांवर बोट उभी केली. १६ मे रोजी वादळ रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्याला समांतर राहून उत्तरेकडे सरकले आणि १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये दीव व उना यांच्या परिसरात जमिनीवर आले. त्याच दिवशी मुंबईसमोरच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज (सपाट तळाची मोठी नौका) बुडून मोठी जीवितहानी झाली. जयगडला आपली बोट मात्र सुखरूप राहिली. प्रश्न सुरू झाला तो त्यानंतर.

बोट २८ फुटी, फायबरची, डिझेल इंजिन बसवलेली आणि पाण्याखाली १.१ मीटर उतरणारी आहे. पावसाळ्यापूर्वी ती आंजर्ल्याच्या खाडीत आणून वर ओढायची आणि शाकारायची, हा दरवर्षीचा क्रम. कोकण किनाऱ्यावरील जलवाहतूक २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात बंद असते आणि १ जूनपासून मासेमारीबंदी सुरू होते, म्हणजे वादळ गेल्यानंतर हातात जेमतेम आठवडा उरला होता. त्यातच टाळेबंदीमुळे दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी ई-पास लागत होता आणि हौसेच्या बोटीसाठी तो मागणे आम्हांला उचित वाटले नाही. बोटीवर तांडेल आणि दोन खलाशी आधीपासून होते; चारही मालक पुण्यात होते. समुद्रावर नसलेल्या माणसांनी समुद्रावरच्या माणसांना नेमकी कोणती मदत करावी आणि कोणती करू नये, हा या प्रकरणाचा अर्धा भाग आहे.

पर्याय

बोट जयगडलाच ठेवण्याचा पर्याय आमच्यापैकी एकाने शेवटपर्यंत लावून धरला आणि त्यात तथ्य होते. जयगडची खाडी खोल आहे, बंदरामुळे जहाजांचा मार्ग राखलेला आहे, आणि न हलवलेली बोट वाळूच्या दांड्यावर आपटत नाही. परंतु वादळानंतर तिथल्या किनाऱ्यावर बोटी वर ओढण्याजोगी मोकळी जागा शिल्लक नव्हती, आणि जुलैत शास्त्रीला पूर आला की वाहून येणाऱ्या ओंडक्यांच्या वाटेत अडीच-तीन महिने नांगरावर उभी असलेली बोट सुरक्षित राहील, असे म्हणणारा एकही स्थानिक माणूस भेटला नाही. रस्त्याने आणण्यासाठी क्रेन, लांब ट्रेलर आणि पडलेली झाडे बाजूला सारलेला रस्ता हे तिन्ही एकाच वेळी मिळायला हवे होते. तो विचार दोन फोनांतच संपला.

उरला समुद्रमार्ग. जयगडहून आंजर्ले उत्तरेला सुमारे ३३ सागरी मैल आहे. ताशी सहा मैलांनी साडेपाच-सहा तास. नेहमीच्या दिवसांत हा प्रवास पहाटे अंधारात निघून एका दमात केला जातो. त्या वर्षी तसे करायचे नाही यावर मात्र पहिल्याच दिवशी एकमत झाले, कारण पाण्यात काय तरंगते आहे आणि काय पाण्याखाली उभे आहे हे अंधारात दिसत नाही, आणि वादळानंतरच्या पंधरवड्यात धोका असतो तो नेमका याच दोन गोष्टींचा.

माहितीची तारीख

पुण्यात आम्ही काम वाटून घेतले. एकाने हवामान खात्याची पत्रके आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्रविषयक माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज पाहायचा, एकाने किनाऱ्यावरील गावांतून फोनवर माहिती गोळा करायची, एकाने उपग्रहाची छायाचित्रे तपासायची, आणि सगळे एका तक्त्यात मी मांडायचे. पुणे समुद्रापासून शंभरावर किलोमीटर दूर असले, तरी देशातील बंदरांच्या आणि खाड्यांच्या प्रतिकृती बनवून अभ्यास करणारे आणि १९१६ साली सुरू झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आमच्या खडकवासल्यातच आहे, आणि त्याच धरणाच्या पाण्यावर आम्ही शीड हाताळायला शिकलो. तेव्हा घाटमाथ्यावर बसून खाडीचा विचार करण्यात नवल काही नव्हते.

तक्त्याचा पहिला रकाना होता तारखेचा. मिळालेली प्रत्येक गोष्ट, मग ती नकाशावरची खोली असो की कुणा ओळखीच्या माणसाने फोनवर सांगितलेला शब्द, तीन भागांपैकी एकात टाकली जाई: वादळानंतर मोजलेली, वादळानंतर कुणी डोळ्यांनी पाहिलेली, आणि वादळापूर्वीची. पहिल्या दिवशी तिसरा भाग भरून वाहत होता आणि पहिल्यात एकही नोंद नव्हती. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे मोठ्या जहाजांसाठी उत्तम असले, तरी आंजर्ल्यासारख्या लहान खाडीचे मुख हे दर हंगामात बदलणारे असते. तिथली छापील खोली ही इतिहासाची नोंद समजावी. आमच्या जीपीएसमध्ये त्याच मुखातून अनेकदा आत-बाहेर केल्याची रेघ साठवलेली होती, आणि तीच पाठवून देऊन काम संपवावे असा आग्रह आमच्यातील संगणकक्षेत्रातील मित्राचा होता. त्याला तांडेलांनी फोनवर दिलेले उत्तर मी जसेच्या तसे तक्त्यात लिहून ठेवले आहे: “साहेब, तुमची रेघ वादळाच्या आधीची. दांडा सरकलाय, रेघ नाय सरकली.”

उपग्रहाच्या छायाचित्रांचा उपयोग झाला, पण मर्यादित. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ ची छायाचित्रे विनामूल्य मिळतात, त्यांत सुमारे दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि दर पाच दिवसांनी तोच भाग पुन्हा टिपला जातो. ढगांच्या फटींतून मिळालेल्या वादळानंतरच्या चित्रात मुखाशी लाटा फुटण्याचा पांढरा पट्टा पूर्वीपेक्षा दक्षिणेकडे वाढलेला दिसत होता. लाट कुठे फुटते एवढेच अशा चित्रातून कळते. तिथे पाणी किती आहे ते कळत नाही, आणि चित्र भरतीच्या कोणत्या टप्प्यावर टिपले हे जुळवून पाहिल्याशिवाय दोन चित्रांची तुलनाही फसवी ठरते. तेव्हा त्याची नोंद ‘पाहिलेली’ या भागात झाली, ‘मोजलेली’ या भागात नाही. या मुद्द्यावर आमच्यात बरीच वादावादी झाली, परंतु मोजमापाचा मान फक्त मोजमापालाच द्यायचा हा नियम टिकला.

मुखाशी काय घडते

खाडीच्या मुखाशी नदीचे पाणी आणि समुद्राच्या लाटा यांच्या ओढाताणीत वाळूचा दांडा तयार होतो. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात एक वाट कोरून ठेवतो, आणि बोटी त्या वाटेने ये-जा करतात. चक्रीवादळ किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे जाते तेव्हा वारा आधी जमिनीकडून वाहतो आणि केंद्र पुढे सरकल्यावर दक्षिणेकडून व नैर्ऋत्येकडून किनाऱ्यावर येतो. उत्तर गोलार्धातील वादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात त्याचा हा परिणाम. मोठ्या लाटा वाळू उचलून किनाऱ्यालगत सरकवतात, वरून आलेला पावसाचा लोंढा ती बाहेर ढकलतो, आणि चार-सहा तासांत जुनी वाट बुजून शेजारी नवी फुटू शकते. ती नवी वाट पहिले काही दिवस स्थिरही नसते.

दुसरा भाग पाण्यातल्या वस्तूंचा. उन्मळून पडलेली सुरूची आणि माडाची झाडे, नांगरासकट वाहून गेलेल्या होड्या, जाळ्यांचे तुटलेले खुंट, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे अर्धवट बुडून तरंगणारे दोर. झाडाचा ओंडका निदान दिसतो. पाण्याखाली हातभर लोंबणारा नायलॉनचा दोर पंख्यात गुंडाळला गेला की इंजिन जागच्या जागी थांबते आणि बोट नेमक्या लाटा फुटण्याच्या ठिकाणी निराधार होते.

तिसरी गोष्ट खुणांची. वादळात बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, साखळीसकट सरकतात, दिवे विझतात. जागेवरून हललेला बोया हा नसलेल्या बोयापेक्षा वाईट, कारण तो विश्वासाने चुकीची वाट दाखवतो. इथे एक विषयांतर करतो, कारण ते आमच्या गटात प्रत्यक्ष उपयोगी पडले. आमच्यातील एकाने नौकानयन बरेचसे अमेरिकी पुस्तके आणि चित्रफिती पाहून शिकले होते, आणि त्याने पहिल्या मसुद्यात ‘आत शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवावा’ असे लिहिले होते. अमेरिकेत ते बरोबर आहे. भारतात खुणांची पद्धत उलट आहे. समुद्रातून बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला येते. तांडेल या चुकीवर हसले असते, पण तेच वाक्य एखाद्या नवख्या सुकाणूवाल्याच्या हाती पडले असते तर हसण्यावारी गेले नसते.

त्याच मित्रामुळे अमेरिकेतील व्यवस्थेचीही थोडी चर्चा झाली. तिथे नॉरफोक शहरापासून दक्षिणेला फ्लोरिडापर्यंत किनाऱ्याच्या आतल्या अंगाने बोटींसाठी जलमार्ग राखला आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तर कॅरोलिनात राइट्सव्हिल बीचजवळ धडकलेल्या फ्लॉरेन्ससारख्या हरिकेननंतर तटरक्षक दल बंदरे बंद ठेवते, शासकीय पथके तळ मोजतात, सरकलेल्या खुणा जागेवर आणतात आणि बदलांची सूचना नाविकांसाठी प्रसिद्ध करतात. तरीही तिथल्या अनेक लहान मुखांवरील बोये नकाशावर मुद्दाम दाखवलेले नसतात, कारण ते वाळूबरोबर वारंवार हलवावे लागतात. इतकी यंत्रणा असलेला देशसुद्धा लहान मुखाबाबत ‘स्थानिक माणसाला विचारा’ असेच म्हणतो, हे आम्हांला महत्त्वाचे वाटले. आपल्याकडे लहान खाड्यांसाठी अशी मोजणी तातडीने होत नाही. मग ती आपणच करून घ्यायला हवी होती.

बांबू आणि काठी

ही मोजणी आंजर्ल्यात तांडेलांच्या पुतण्याने केली. लहान होडी, एक वल्हे मारणारा, आणि दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा मारलेला बांबू, एवढीच सामग्री. खाडीच्या आत, लाटा पोहोचत नाहीत अशा ठिकाणी, त्याने आणखी एक खुणा केलेली काठी रोवली आणि भरतीचे सर्वांत वरचे व ओहोटीचे सर्वांत खालचे पाणी तिच्यावर वाचायला सुरुवात केली. वादळानंतर मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी कोलमडले होते. छायाचित्रे जात नव्हती, परंतु साधा संदेश कधी ना कधी पोहोचत होता. म्हणून संदेशाचा साचा ठरवून दिला: जागा, वेळ, पाण्याचा टप्पा, खोली. २३ मे रोजी दुपारी आलेला संदेश असा होता: “आंजर्ले मुख. दुपारी ३. ओहोटी संपली. नव्या वाटेत सर्वांत कमी ७० सेंमी. जुनी वाट कोरडी. नवी वाट दक्षिणेच्या खडकाला धरून, खडकापासून दोन होड्या सोडून.”

‘जुनी वाट कोरडी’ हे तीन शब्द वाचल्यावर जीपीएसच्या रेघेची चर्चा पुन्हा निघाली नाही.

भरतीच्या वेळेसाठी किनाऱ्यावर एक जुना हिशेब वापरला जातो: तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता. २३ मे २०२१ ला वैशाख शुद्ध एकादशी होती. हिशेबाने भरती सव्वाआठला यायला हवी होती. काठीवर मात्र पाणी जवळजवळ नऊपर्यंत चढत राहिले. कारण पंचांग पाहिल्यावर लक्षात आले. त्या पक्षात द्वादशीचा क्षय होता आणि २४ तारखेच्या सूर्योदयाला थेट त्रयोदशी लागत होती. हिशेब एका दिवसात दीड तास पुढे उडी मारत होता. समुद्र मात्र नेहमीप्रमाणे रोज पाऊण-एक तासानेच पुढे सरकत होता. २४ ला पावणेदहा आणि २५ ला साडेदहा, इथे काठी, छापील तक्ता आणि पाऊणपटीचा हिशेब पुन्हा एकत्र आले. हा हिशेब टाकाऊ नाही. तो अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने बरोबर असतो, आणि अर्धा-पाऊण तास चालून जाईल की नाही हे पाण्याच्या खोलीवर ठरते.

खोलीचे गणित असे मांडले. बोटीला स्वतःसाठी १.१ मीटर पाणी हवे. लाटेच्या खळग्यात बोट खाली बसते, त्यासाठी ०.५ मीटर. बांबूने सर्वांत उथळ जागा हुकली असेल किंवा वाळू दोन दिवसांत पुन्हा सरकेल, त्यासाठी आणखी ०.५ मीटर. एकूण २.१ मीटर. २३ तारखेच्या ओहोटीला ०.७ मीटर होते, परंतु पौर्णिमा जवळ येत असल्याने ओहोटी रोज अधिक खाली जाणार होती, आणि दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, म्हणून २५ ला पहाटे ०.५ मीटरच धरले. म्हणजे पाणी १.६ मीटर चढल्याशिवाय आत शिरायचे नाही. काठीवरून त्या दिवसाची चढ-उतार सुमारे २.२ मीटर येत होती. सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या गतीने चढत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक भाग. पहाटे सव्वाचारच्या ओहोटीनंतर चार तासांनी बारापैकी नऊ भाग, म्हणजे सुमारे १.६५ मीटर. अशा रीतीने मुखाचा दरवाजा सव्वाआठला उघडत होता आणि साडेदहाला, आम्हीच घातलेल्या बंधनाने, बंद होत होता.

साडेदहानंतरही बराच वेळ पाणी पुरेसे असणार होते, मग बंधन का, असा प्रश्न आला. चढत्या पाण्यात बोट टेकली तर पुढचे पाणी तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली तर दर मिनिटाला ती अधिक घट्ट बसते, आणि उधाणाच्या दिवसांत अशी बसलेली बोट लाटांच्या माऱ्याने फुटते. शिवाय ओहोटीचा प्रवाह बाहेर येणाऱ्या दिशेने आणि लाटा आत येणाऱ्या दिशेने असतात. दोन्ही भिडले की लाटा उभट होतात आणि एरवी न फुटणाऱ्या जागीही फुटतात. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटायला लागते. एक मीटरच्या लाटेला अडीच मीटर पाणी मिळाले तर ती फुगून निघून जाते, दीड मीटरच्या आतबाहेर पाणी असेल तर भरवसा नाही.

२४ मे: जयगड ते दाभोळ

प्रवासाचे दोन तुकडे केले, प्रत्येकी साधारण १७ सागरी मैलांचे. सकाळी सहाला, पुरता उजेड झाल्यावर, बोट जयगडहून निघाली. एक खलाशी सतत नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, हातात बांबू. दुसरा दर तासाला इंजिनच्या थंड पाण्याची जाळी उघडून साफ करणारा, कारण गढूळ पाण्यातला पालापाचोळा आणि प्लॅस्टिक तिथे अडकून इंजिन तापते. किनाऱ्यापासून दूर राहून प्रवास झाला. वेळणेश्वर आणि गुहागरसमोर विशेष काही घडले नाही.

दाभोळच्या जवळ येताच निळसर पाणी आणि वाशिष्ठीचे तांबूस गढूळ पाणी यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसू लागली, आणि अपेक्षेप्रमाणे सगळा कचरा त्याच रेघेवर साठला होता. फांद्या, थर्माकोल, फुटका पिंप, एक पूर्ण माड मुळासकट, आणि त्याला गुरफटलेले जाळे. अशी रेघ तिरकी कापली तर बोट जास्त वेळ कचऱ्यात राहते. तांडेलांनी वेग अगदी कमी करून रेघेला काटकोनात बोट वळवली, मोकळी फट शोधली, आणि नाळ रेघेत शिरताच गिअर मोकळा करून पंखा थांबवला. बोट आपल्या वेगाने पलीकडे सरकली. खलाशाने जाळ्याचा एक लोंबता पदर बांबूने बाजूला दाबून धरला होता. बोटीचा मागचा भाग पुढे गेल्यावरच त्याने तो सोडला आणि हात वर केला, तेव्हा इंजिन पुन्हा जोडले गेले.

मुखाशी त्यांनी वेलदूरकडे परतणाऱ्या एका मासेमारी नौकेच्या मागोमाग आत जायचे ठरवले. हे करताना नेहमी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे पुढच्या बोटीला आपल्यापेक्षा कमी पाणी लागत असू शकते. तांडेलांनी हाक मारून तिला किती पाणी लागते ते विचारले आणि आपल्याहून जास्त लागते असे कळल्यावरच मागे राहिले. नऊच्या सुमारास, भरतीला अजून पाऊण तास असताना, बोट आत पोहोचली. त्या दिवशी पुढे जाण्याइतका उजेड होता, इंधन होते, हवाही बरी होती. तरी थांबायचे ठरले होते आणि ते थांबले. आंजर्ल्याला पोहोचेपर्यंत पाणी उतरू लागले असते.

२५ मे: दाभोळ ते आंजर्ले

पहाटेचा पहिला निर्णय पुण्यातून न जाता बोटीवरच झाला पाहिजे, हे आधीच ठरवले होते. आमच्याकडून रात्री एकच संदेश गेला: लाटांचा अंदाज, वाऱ्याचा अंदाज, बंदरात लागलेल्या धोक्याच्या बावट्याची स्थिती, आणि पुतण्याने संध्याकाळी पुन्हा मोजलेली खोली. ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असा शब्द त्यात नव्हता. पुण्यात बसलेल्या मालकाने ‘आज शेवटचा दिवस आहे’ असे नुसते सुचवले तरी तांडेलांवर दडपण येते, आणि वादळानंतरचे बरेच अपघात असल्या तारखेच्या दडपणातून होत असावेत, असे माझे मत आहे. परतीचा पर्यायही लिहून दिला होता: मुखावर सलग पांढरे दिसले, किनाऱ्यावरच्या खुणा दिसल्या नाहीत किंवा वाटेत दोन मीटरपेक्षा कमी पाणी लागले, तर बाहेर पडून हर्णैच्या बोटींजवळ नांगर टाकायचा आणि बंदर निरीक्षकांना कळवायचे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफ रेडिओचे सोळावे चॅनेल यांची चिठ्ठी सुकाणूजवळ चिकटवलेली होती.

साडेसहानंतर, मुखावर पुरेसे पाणी चढल्यावर, बोट दाभोळहून बाहेर पडली. कोळथरे, बुरोंडी, लाडघर, कर्दे अशी गावे उजवीकडे मागे पडत गेली. हर्णैला सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामधून जाण्याचा मोह लहान बोटींना होतो. त्या दिवशी किल्ल्याच्या बाहेरून, लांबून वळसा घातला गेला. आत एका बुडालेल्या होडीचा बांबू आणि त्यावर कुणीतरी बांधलेली चिंधी दिसत होती. एक दिसते तिथे न दिसणारी दुसरी असू शकते, असे गृहीत धरणेच योग्य.

आंजर्ल्याच्या मुखाबाहेर बोट पावणेदहाच्या आधी पोहोचली आणि तिथे थांबली. पुतण्याने नव्या वाटेच्या रेषेत किनाऱ्यावर दोन उंच काठ्या रोवल्या होत्या, पुढची बुटकी आणि लाल कापडाची, मागची उंच आणि पांढऱ्या कापडाची. दोन्ही एकामागे एक दिसल्या की बोट वाटेवर आहे. लाल काठी पांढरीच्या डावीकडे सरकली तर बोट उजवीकडे गेली आहे, म्हणून डावीकडे घ्यायचे. सरकलेला बोया, जुना नकाशा आणि जीपीएस या सगळ्यांपेक्षा या दोन काठ्यांची माहिती ताजी होती.

तांडेलांनी लगेच आत शिरण्याची घाई केली नाही. लाटा गटागटाने येतात. काही लहान, मग तीन-चार मोठ्या, मग पुन्हा शांतता. बाहेरून, म्हणजे लाटांच्या पाठीमागून, त्यांची खरी उंची कळत नाही, कारण फुटणारी बाजू पलीकडे असते. म्हणून किनाऱ्यावर उभा असलेला पुतण्या हात वर-खाली करून खूण करत होता आणि तांडेल मोठ्या गटांमधले अंतर मनात धरत होते. एक मोठा गट जाऊ दिल्यावर त्याच्या शेवटच्या लाटेच्या पाठीवर बोट घातली गेली. लाटेपेक्षा वेगाने गेले तर नाळ पुढच्या उतारावर घसरते, हळू गेले तर मागची लाट गाठते. मुखाच्या अलीकडे, खडकाच्या टोकाला बोट काटकोनात आली की तिथून पुढे वळायचे नाही हेही आधी ठरलेले होते. अर्ध्या वाटेवर आडवी झालेली बोट उलटते. एक खलाशी फक्त मागे पाहत होता, दुसरा खोलीदर्शकाचे आकडे मोठ्याने वाचत होता. सर्वांत कमी आकडा २.४ आला. खडक उजवीकडे मागे पडला, रंग बदलला, आणि बोट आतल्या शांत पाण्यात आली.

नंतरचा आढावा

बोट वर ओढल्यावर पंख्याच्या दांड्याभोवती बोटभर जाडीचा, घासून वितळलेला नायलॉनचा गुंता निघाला. इंजिन एकदाही अडखळले नव्हते, त्यामुळे तो केव्हा लागला हे कुणालाच सांगता आले नाही. तळाला एकही ओरखडा नव्हता.

गटात दोन मते अजून आहेत. बोट जयगडला ठेवावी म्हणणारा आमचा मित्र म्हणतो की आधी ठरवलेला शेवटचा दिवस हाच मुळात धोका होता, आणि २५ तारखेला लाटा थोड्या मोठ्या असत्या तर हर्णैच्या उघड्या समुद्रात बोट नांगरून आम्ही अधिक वाईट पेचात सापडलो असतो. हे मला मान्य आहे. हलवण्याचा निर्णय योग्य ठरला तो आंजर्ल्यात बांबू घेऊन उतरणारा माणूस होता म्हणून. तो नसता तर माझेही मत जयगडच्या बाजूने पडले असते. दोन तुकड्यांत प्रवास करण्याबद्दल मात्र कुणाचाही आक्षेप नाही.

बुडालेल्या होडीची जागा तांडेलांनी हर्णैच्या मच्छीमारांना आणि बंदर कार्यालयाला त्याच संध्याकाळी कळवली. नव्या वाटेची जीपीएस रेघ हवी असल्याचे दापोली परिसरातील काही बोटमालकांनी आम्हांला विचारले. ती द्यावी की नाही यावर पुन्हा चर्चा झाली. शेवटी दिली, पण फाइलच्या नावातच ‘२५ मे २०२१, चढते पाणी, ड्राफ्ट १.१ मीटर, पावसाळ्यानंतर वापरू नये’ असे लिहून. आमच्याकडची प्रत पावसाळ्यानंतर तक्त्याच्या तिसऱ्या भागात गेली, आणि नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी पुतण्याला पुन्हा एकदा मुख मोजायला सांगितले गेले.